खोट्या बकलाचे सँडल

सर्व लहानथोरांनी हातातली कामं थांबवावीत, चष्मे पुसावेत आणि जमल्यास उभं राहून पुढचा मजकूर वाचावा. ज्या हिवाळ्यात आपल्या पुढाऱ्यांनी प्रांतांच्या जुन्या सीमा पुसून नव्या आखल्या, मध्यभारत नावाचं आमचं राज्य मोडीत काढलं आणि ग्वाल्हेरचं उरलंसुरलं राजधानीपण ट्रकांत भरून भोपाळला धाडलं, त्याच हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दोन खोल्यांच्या एका बिऱ्हाडात तितकाच गहन प्रश्न पंधरा दिवस निर्णयाची वाट बघत होता. प्रश्न असा: सरकारी कचेरीत टाइपिंग करणाऱ्या चोवीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीने पायात काय घालावं?

ती मुलगी म्हणजे मी. आता पन्नाशी दाराशी आली आहे आणि गुडघे बोलायला लागले आहेत, पण त्या वेळी माझे पाय प्रेक्षणीय होते. हे मी स्वतःच सांगते आहे, कारण दुसरं सांगणारं तेव्हाही कुणी नव्हतं.

तर आधी घरची परिस्थिती. आईवडील मागेच गेले होते. घरात मी, भाऊ आणि वहिनी. भाऊ सचिवालयात होता. मध्यभारताला राजधान्या दोन, हिवाळ्याची ग्वाल्हेर आणि उन्हाळ्याची इंदूर. त्यामुळे दरवर्षी भाऊचं खातं फायलींच्या लाल बस्त्यांसकट इंदूरला जायचं आणि थंडी पडली की परत यायचं. वहिनी या काळात माझ्याबरोबर ग्वाल्हेरीतच राहायची. भाऊ परत आला की आम्ही दोघी जरा नाराजच व्हायचो, कारण मग बोलणं कमी करून स्वयंपाक वाढवावा लागे.

वहिनी आणि मी काय बोलत असू हे विचारू नका. मटार सोलताना सुरू झालेलं बोलणं अंथरुणं घालेपर्यंत चालायचं. कचेरीत दिवसभर जे घडे ते मी घरी येऊन करून दाखवत असे. मोठ्या बाबूंचं तपकीर ओढणं, शिपायाचं मुजऱ्यासारखं वाकणं, सगळं. वहिनी पोळी लाटता लाटता हसून खाली बसायची आणि म्हणायची, "अगं पुरे, पोळीचा नकाशा झाला!"

मग नवा मध्यप्रदेश झाला, अगदी ऐन दिवाळीत. भाऊचं खातं भोपाळला निघालं. आम्हाला वाटलं, इंदूरसारखंच असेल, चार-सहा महिन्यांनी येतील परत. पण या वेळी कपाटंही गेली, भिंतीवरची घड्याळं गेली आणि वहिनीसुद्धा गेली, कारण भोपाळहून परत यायचं नसतं हे तिला आमच्या आधी समजलं होतं. मला मात्र जाता येईना. माझी नोकरी इथल्या कचेरीत होती, आणि ती सोडून भावाच्या एका खोलीत जाऊन बसणं मला परवडणारं नव्हतं. सोबतीला एक लांबच्या आत्या आल्या. त्यांना ऐकू कमी येई, आणि जे येई ते आवडत नसे. दिवेलागणीला वरणभात खाऊन त्या झोपत. मी रात्री कचेरीतल्या नकला भिंतीपुढे करून पाहिल्या. भिंत हसत नाही. मीही मग सोडून दिलं.

आता आमच्या कचेरीचा एक रिवाज सांगते. दरबारच्या काळात तिथे जाजमावर बैठकी होत्या, बुटकी मेजं होती, त्यामुळे जोडे बाहेर व्हरांड्यात काढून आत जायचं. पुढे जाजम गेलं, खुर्च्या आल्या, टेबलं आली, पण जोडे बाहेरच राहिले. चाळीसेक माणसं खुर्चीवर बसून, कोट-टोप्या घालून, टेबलाखाली अनवाणी पायांनी राज्यकारभार करत असत. व्हरांड्यात ज्याची त्याची फरशी ठरलेली. हजेरीपुस्तक बघायची गरज नसे, रांग बघितली की कोण आलं, कोण आजारी, कुणाला सासरहून नवे जोडे आले, सगळं समजायचं. माझी जागा खांबाजवळ, एकटीची, कारण कचेरीत बाई मी एकटीच.

दिवाळीनंतर त्या रांगेत नऊ जोड उरले. गंमत अशी की उरलेल्यांनी एकमेकांजवळ सरकावं की नाही? पण नाही. जो तो आपल्या जुन्याच फरशीवर जोडे काढी. मध्ये चार फरश्या मोकळ्या, मग एक जोड, मग सात मोकळ्या. मी रोज सकाळी त्या रांगेकडे बघत खांबाशी चपला काढायचे आणि आत जाऊन टाइपरायटरवर तुटून पडायचे.

अशात भोपाळहून एक मोठे साहेब आले. मूळ नागपूरकडचे, मराठीच. उरलेल्या नोकरांपैकी कुणाला भोपाळला न्यायचं आणि कुणाला इथेच ठेवायचं हे ठरवायचं काम त्यांच्याकडे. व्हरांड्यात पाऊल टाकलं, जोडे बघितले आणि म्हणाले, "आत कीर्तन चालू आहे का?"

आमचा म्हातारा शिपाई म्हणाला, "नाही हुजूर, कचेरी."

"मग हे काय? नव्या राज्यात असं नाही चालायचं. उद्यापासून सगळे पायात घालून आत."

एवढं बोलून, पंधरा दिवसांनी परत येऊन प्रत्येकाची मुलाखत घेईन असं सांगून ते गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हुकूम पाळला, म्हणजे दुपारपर्यंत. दुपारी एकेक जण हळूच उठून बाहेर जाऊन जोडे ठेवून आला. मोठे बाबू म्हणाले, "पाय घाबरतात हो आत."

मग अर्ज सुरू झाले. आठ जणांनी लिहिलं, आमचं नाव भोपाळच्या यादीतून वगळावं. कुणाची आई म्हातारी, कुणाचं घर, कुणाला तिकडचं पाणी मानवत नाही. मी एकटीने लिहिलं, माझं नाव घालावं. घरात माणूस हवं असेल तर मला त्या यादीत असायलाच हवं होतं, याहून सोपं गणित नव्हतं.

वहिनीला कळवलं. तिचं पत्र आलं, चारही कडांनी भरलेलं. "आम्ही पडद्याच्या अलीकडे झोपतो, पलीकडे तुझी जागा ठेवली आहे. पण एक ऐक. इथे नागपूरकडच्या बायका कचेरीत काय टेचात येतात! पायांत टाचांचे सँडल. साहेब लोक बघताक्षणी ठरवतात, ही कामाची, ही घरी बसवायची. तुझ्या त्या चपला घालून त्यांच्यापुढे गेलीस तर मी तुला ओळख दाखवणार नाही."

माझ्या त्या चपला! तीनदा तळ बदललेल्या, खिळे मोजून घ्यावेत अशा. पण चालायला कशा? घरापासून इंदरगंजपर्यंत आणि पुढे कचेरीपर्यंत रोज दोन वेळा मी त्या पायात असल्याचं विसरून चालत असे. आता मला हवं होतं दोन्ही. साहेबांनी बघितल्यावर म्हणावं, ही मुलगी जगाच्या पाठीवर कुठेही एकटी राहील. आणि मी चालताना मात्र तोंड वाकडं होऊ नये.

पहिला हल्ला पाटणकर बाजारावर. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक जोड असा काढला जसा सोनार हार काढतो. टाच माझ्या करंगळीएवढी उंच आणि तितकीच बारीक. मी उभी राहिले, दोन पावलं टाकली आणि दुकानाच्या आरशाला मिठी मारली.

"बहनजी, आईना छोड़ दीजिए," दुकानदार म्हणाला. "फैशन में थोड़ा तो दुखेगा।"

"थोड़ा मतलब कहाँ तक? इंदरगंज तक, या उसके आगे भी?"

त्याने मग दुसरा जोड काढला, रबरी तळाचा, पांढरा, पुढून बंद. पाय ढगात ठेवल्यासारखा वाटला. आरशात बघितलं तर थेट प्रसूतिगृहातली सुईण. म्हटलं, हे घालून गेले तर साहेब अर्ज बाजूला ठेवून आपल्या बायकोची तब्येत सांगतील.

तिसऱ्या दुकानात, चौथ्या दुकानात हेच. जे देखणं ते चावणारं, जे मऊ ते रडकं. शेवटी कुणीतरी सांगितलं, मुरारला छावणीच्या बाजारात एक म्हातारा कारागीर आहे, पूर्वी फौजी साहेबांच्या मडमांचे बूट करायचा. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की टांग्यात बसून तडक मुरारला.

दुकान म्हणजे एक ओटा. मागे भिंतीवर लाकडी पायांचे साचे टांगलेले, बारीक, लांब, गोऱ्या बायकांचे. त्या बायका जाऊन वर्षं लोटली होती. त्यांचे लाकडी पाय तेवढे राहिले होते. म्हाताऱ्याने मला कागदावर उभं केलं, पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढली. पेन्सिल तळव्याच्या खाचेत शिरली तेव्हा गुदगुल्या झाल्या आणि मी मोठ्याने हसले. हसल्यावर लक्षात आलं की कित्येक दिवसांत घशातून हा आवाज निघालाच नव्हता.

मी त्याला सगळं सांगितलं. टाच हवी, पण अशी की रस्त्यातल्या दगडावर तोल जाऊ नये. बोटं पुढून थोडी दिसावीत. मागे पट्टा आणि बाजूला बक्कल हवं, कारण भोपाळच्या बायकांच्या सँडलना बक्कल असतं असं वहिनी लिहिते. पण साडी सावरून, वाकून दिवसातून दहा वेळा बक्कल कोण सोडणार? आमच्या कचेरीत तर साहेबांनी कितीही हुकूम काढले तरी जोडे बाहेरच निघतात.

म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, "बकल दिखेगा, पर खुलेगा नहीं।"

हीच ती कल्पना. पट्ट्यावर चकचकीत बक्कल, निव्वळ शोभेचं, आणि त्याच्याखाली चामड्यात लपवलेली इलॅस्टिकची पट्टी. बघणाऱ्याला वाटावं मोठा थाट आहे, आणि घालणारीने टाच जराशी उचलली की पाय बाहेर. टाचेची उंची दीड बोट, रुंद. रंग गडद चॉकलेटी. मला तर टाळी द्यावीशी वाटली, पण त्याच्या हातात चामडं कापायची रापी होती.

मंगळवारी सँडल तयार झाले. मी पाय घातला. पाय आत गेला तो घरी आल्यासारखा. म्हातारा जमिनीवर बसून, मान वाकडी करून माझ्या पायाकडे बघत होता.

"कहाँ दबता है, बहनजी?"

कुठेही दाबत नव्हतं. पण हे एवढे तीन शब्द मला इतक्या आस्थेने कुणी विचारलेच नव्हते. मी करंगळीकडे बोट दाखवलं. म्हटलं, इथे.

खोटं बोलले, साफ खोटं. त्याने ते ठेवून घेतले, गुरुवारी बोलावलं. गुरुवारी गेले. तो गोऱ्या बायकांच्या गोष्टी सांगत होता, एकीचा उजवा पाय डाव्याहून मोठा होता आणि ते ती नवऱ्यापासून लपवत होती, वगैरे. मी मोठ्या बाबूंची नक्कल करून दाखवली. तो खोकेपर्यंत हसला. मग पुन्हा, "अब कहाँ दबता है?" या वेळी मी टाचेकडे बोट दाखवलं. शनिवारी परत गेले. सोमवारी परत. सोमवारी मी अंगठ्याकडे बोट नेत होते, तेवढ्यात म्हाताऱ्याने सँडल कागदात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवले.

"बहनजी, जूता तो पहले दिन ही ठीक था।"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "फिर आपने बताया क्यों नहीं?"

"मैं भी कौन सा काम में डूबा हूँ," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या लाकडी पायांवरची धूळ फडक्याने झटकू लागला.

बुधवारी मुलाखत होती. मंगळवारी घरी मी सराव केला. तुम्हाला हसू येईल, पण सराव कशाचा, तर सँडल घालून उंबरठा ओलांडण्याचा. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत. पाय उंबरठ्यापाशी यायचा आणि आपोआप टाच उचलायचा. मी स्वतःलाच दटावलं, "चल पुढे! भोपाळ तिकडे आहे!" चौथ्या वेळी डोळे मिटून एक पाऊल आत टाकलं, आणि समोर आत्या.

"देव आहेत या खोलीत! टांग्याचा अड्डा आहे का हा?"

"आत्या, सराव करतेय!"

"काय खराब होतंय?"

मी सँडल काढले, पुसून उशाशी ठेवले.

बुधवारचा दिवस. गुलबक्षी काठाची साडी, वेणी घट्ट आणि पायात ते. इंदरगंजच्या चौकात एका सायकलवाल्याने वळून बघितलं. माझ्याकडे की सँडलकडे याचा निकाल मी आजतागायत लावलेला नाही. टाच रस्त्यावर टक् टक् वाजत होती, कुठे म्हणजे कुठे दाबत नव्हतं, आणि मला वाटत होतं की वहिनी पडद्यापलीकडे गादी झटकत असणार.

कचेरीच्या व्हरांड्यात त्या दिवशी एकही जोड नव्हता. साहेब आत होते ना, सगळे निमूट पायात घालून बसले होते. मोकळ्या फरश्यांकडे बघून वाटलं, जणू सगळेच गेले. शिपाई साहेबांच्या खोलीच्या दारातून म्हणाला, "ताई, तुमचा नंबर. चला लवकर."

मी मनाशी उत्तरं घोकत निघाले. टाइपिंगचा वेग, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही. नव्या राज्याच्या सेवेची इच्छा. पुढे होऊन नमस्कार केला, आणि तळव्यांना फरशी गार लागली.

खाली बघितलं. अनवाणी.

खोट्या बकलाने आपलं काम चोख बजावलं होतं. कधी टाच उचलली, कधी पाय निघाले, मला पत्ता नाही. पंधरा दिवसांची मेहनत दाराबाहेर होती आणि मी साहेबांपुढे नुसत्या पायांनी.

साहेबांचंही लक्ष तिकडेच गेलं. त्यांचा चेहरा मऊ झाला. "बाई, पायात काही नाही तुमच्या? एवढ्या थंडीत?"

"आहेत साहेब! बाहेर आहेत! नवे आहेत!"

"असू द्या, असू द्या. लाज कशाला."

आता त्यांना कसं पटवायचं? मी धावत बाहेर गेले. सँडल उचलले. घालावेत आणि टेचात आत यावं, एवढंच करायचं होतं. पण पाय उंबरठ्याशी आले आणि घालवेनात. साहेबांनी हाक मारली, "बाई?" मी घाबरून तशीच आत शिरले, दोन्ही हातांत दोन सँडल उंच धरून.

शिपाई ओरडला, "ताई, हुजुरांवर जोडा!"

"काय करून राहिल्या बाई तुम्ही?" साहेब खुर्चीतच मागे सरले.

"दाखवतेय साहेब. हे बघा. बक्कल आहे."

साहेबांनी चष्मा लावून बघितलं. नवंकोरं चामडं, आतल्या बाजूला कागदाचा एक तुकडा अजून चिकटलेला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मुलाखतीसाठी म्हणून घेतलेत ना? कुणी मागे नाही का घरी?"

"आहेत ना. भाऊ-वहिनी. भोपाळला."

"म्हणजे इथे कुणी नाही." त्यांनी माझा अर्ज उचलला. माणूस फार चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला कुणी सांगितलं असेल, अर्ज केला नाही तर नोकरी जाते. तसं काही नाही. एका खोलीत तिथे आठ आठ माणसं राहतात. पायात घालायला नाही अशा मुलीला मी तिकडे लोटू? माझी मुलगी तुमच्याएवढी आहे. तुमचं नाव मी या यादीतून काढतो. इथे एक विभाग राहणार आहे, त्यात तुम्हाला कायम करतो. आपलं गाव, आपली कचेरी."

आणि त्यांनी रेघ ओढली. त्या रेघेपायी मी आज पंचवीस वर्षं त्याच कचेरीत आहे, आता हेडक्लार्क. त्या वेळी मला घोकलेलं एकही उत्तर आठवेना. वेग, सेवा, हिंदी, इंग्रजी, सगळं गेलं. हातात सँडल तसेच. साहेब टोपण लावत, माझी समजूत घालत म्हणाले, "आठवड्याचे सहा दिवस चार माणसांत जातील तुमचे. आणखी काय हवं?"

तेव्हा मी, शिपाई ऐकत असताना, मोठ्या बाबूंनी दारातून मान आत घातलेली असताना, जवळजवळ ओरडलेच:

"अहो साहेब, पण रविवारी मी कुणाशी बोलू?"